सूर्यास्ताचं चित्र आवडलं म्हणून टेस्ट खराब होत नाही

पत्र (थोडं छोटं करून): "ताई, मी बार्शीचा, वय २७, पुण्यात अकाउंट्समध्ये जॉबला आहे, धायरीत भाड्याने राहतो. ऑफिसमधल्या एका ग्रुपशी ओळख झाली, ते एक्झिबिशनला जातात, बाहेरच्या देशांतले सिनेमे बघतात, गाण्यातलं त्यांना कळतं. ते घरी आले तेव्हा हॉलमध्ये जेएम रोडच्या फुटपाथवरून सहाशेला घेतलेलं सूर्यास्ताचं चित्र होतं, पाणी, होडी, केशरी आकाश, मला ते एसटीतून दिसणाऱ्या उजनीच्या पाण्यासारखं वाटलं म्हणून घेतलं होतं. एकजण म्हणाला हे किच (म्हणजे सवंग, बटबटीत कला) आहे, लॉजच्या रिसेप्शनला असतं तसं. सगळे हसले, मी पण हसलो. आणि तासाभराने त्यांच्यातलीच एक मुलगी आईने शिवलेल्या गोधडीचे फोटो काढत होती, म्हणे हे खरं आर्ट, भिंतीवर लाव. ते गेल्यावर मी चित्र कपाटामागे ठेवलं. डिसेंबरमध्ये त्यांच्याबरोबर सवाईला (सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला) गेलो, काही कळलं नाही, लोकांनी वाहवा केली की मी मान हलवायचो. माझी टेस्टच खराब आहे का? हे घरातूनच यावं लागतं का? आणि सौंदर्य ज्याच्या त्याच्या नजरेत असतं ना, मग हे कुठल्या हक्काने हसतात? – बार्शीकर"

बार्शीकरा,

आधी ते चित्र कपाटामागून काढ. परत लावायचं की नाही ते नंतर ठरव, पण आत्ता त्या चित्राबद्दल तुला जे वाटतंय त्यात चित्र किती आणि त्या दिवशीचं हसू किती हे तुला सांगताच येणार नाही, आणि मला तुझ्याकडून नेमकं तेच हवंय, की तू ते एकदा कुणी बघत नसताना नीट बघावंस.

तू दोन वेगळे प्रश्न एकात बांधलेत असं मला वाटतं. एक हसण्याचा आणि एक चित्राचा. हसण्याचा सोपा आहे, तो आधी घेते.

फ्रान्समध्ये पिएर बुर्द्यू नावाचा समाजशास्त्रज्ञ होता, त्याने १९६० च्या दशकात बाराशेहून जास्त लोकांना बरेच प्रश्न विचारले, घरात काय लावता, कुठलं संगीत ऐकता, वगैरे. त्यात एक प्रश्न असा होता की अमुक अमुक गोष्टीचा फोटो काढला तर तो सुंदर होईल का? यादीत समुद्रावरचा सूर्यास्त होता, लोकनृत्य होतं, आणि कोबीचे गड्डे, झाडाची साल, दोरखंड असल्याही गोष्टी होत्या. कमी शिकलेल्या लोकांनी सूर्यास्ताला पटकन होय म्हटलं. जास्त शिकलेल्या, घरातच पुस्तकं आणि संगीत असलेल्या लोकांनी सूर्यास्ताला नाक मुरडलं आणि कोबीत सौंदर्य सापडू शकतं म्हणाले. म्हणजे तुझ्या हॉलमध्ये जे झालं ते पन्नास-साठ वर्षांपूर्वी आकडेवारीत येऊन गेलंय! १९७९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ छापला आणि त्याचं म्हणणं असं, की आपली आवडनिवड ही आपण कोण आहोत हे दाखवायची एक रीतच असते, आणि त्यात काय आवडतं यापेक्षा काय आवडत नाही हे दाखवण्याला जास्त किंमत असते. ज्याला हे सगळं घरातून मिळालेलं असतं त्याच्यात ते इतकं मुरलेलं असतं की बघणाऱ्याला वाटतं हा जन्मतःच घेऊन आलाय.

पुण्यात हे तुला पावलोपावली भेटेल. कुणाच्या घरी तंबोरे असतात, कुणाच्या आजोबांनी बालगंधर्वांना समोर बसून ऐकलेलं असतं, पाचव्या वर्षापासून पोरं आईच्या मांडीवर बसून गाणं ऐकतात, आणि अशा घरातल्या माणसाला मारवा राग लागला की आपोआप काहीतरी होतं. ते त्याचं खोटं नाहीये, पण ते त्याचं कर्तृत्वही नाहीये. तुझ्या घरी ते नव्हतं एवढंच. बार्शीत भगवंताच्या देवळात ऐकलेली भजनं, जत्रेतले बँजो, आईच्या ओव्या, हे तुझ्या कानात असेल, आणि तेही काही रिकामं नाही.

तेव्हा हसण्याबद्दल माझं मत साफ आहे: पाहुणा म्हणून कुणाच्या घरात जाऊन त्याच्या भिंतीला हसणं हा वाईट वागणुकीचा प्रकार आहे, त्याला कलेचं कुठलंही ज्ञान लागत नाही आणि कुठल्याही ज्ञानाने तो झाकलाही जात नाही.

पण आता खरा मुद्दा, आणि इथे कदाचित तुला माझं पटणार नाही. "ज्याची त्याची आवड" म्हणून तू सुटायला बघतोयस ना, ते मला मंजूर नाही. कारण तू स्वतःच ते मानत नाहीस. मानत असतास तर तुला पत्र लिहायची गरजच पडली नसती, मला वांगं आवडत नाही म्हणून कुणी हसलं तर आपण खांदे उडवतो आणि जेवतो. इम्मॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्ये हाच फरक दाखवला होता, की मला एखादी चव आवडते असं म्हणताना मी फक्त माझ्यापुरतं बोलत असते, पण हे सुंदर आहे असं म्हणते तेव्हा मला वाटत असतं की तुलाही ते तसं दिसायला हवं, मी ते गणितासारखं सिद्ध करू शकत नाही तरी मला तुझी साथ हवी असते. पुण्यातल्या पाताळेश्वरच्या लेण्यात त्या एकाच दगडातून कोरलेल्या गोल नंदीमंडपाशी उभं राहिल्यावर आपण शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणतो ना, अरे हे बघ, हे बघ! ते "बघ" म्हणणं म्हणजे फक्त माझी आवड सांगणं नव्हे. तिथे काहीतरी आहे, तू पण बघ, असं ते असतं.

आणि तिथे खरंच काहीतरी असतं का? डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ च्या एका निबंधात एक गोष्ट घेतलीये, मूळची सर्व्हांतेसच्या स्पॅनिश कादंबरीतली. दोन माणसांना एका पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो वाइन उत्तम आहे पण किंचित चामड्याची चव येतेय, दुसरा म्हणतो उत्तमच आहे पण लोखंडाची चव येतेय. बाकीचे दोघांनाही हसतात. मग पिंप रिकामं होतं आणि तळाशी सापडते एक जुनी किल्ली, चामड्याच्या पट्टीत अडकवलेली. ह्यूमला म्हणायचं होतं की चव जिभेवरच लागते हे खरं, पण किल्ली पिंपातच होती. काही लोकांना बारीक फरक आधी कळतात, आणि ते कशाने होतं तर त्याने ज्या गोष्टी सांगितल्या त्यात सराव आहे, एकाची दुसऱ्याशी तुलना आहे, मन पूर्वग्रहातून मोकळं असणं आहे, समज आहे, आणि हो, संवेदनेची नाजुकताही आहे, पण ती नाजुकताही सरावानेच वाढते असं तो म्हणतो. यातली कुठलीही गोष्ट धायरीत भाड्याने राहणाऱ्या माणसाला बंद नाहीये. हे तुझ्या "घरातूनच यावं लागतं का" चं उत्तर. घरातून आलं तर लवकर येतं. नंतर आलं तर उशिरा येतं, पण येतं, आणि मला तर वाटतं उशिरा शिकलेल्या माणसाला आपण काय बघतोय याची जाग जास्त असते कारण त्याला ते आयतं मिळालेलं नसतं.

तर आता चित्र. तू त्याच्यासमोर दहा मिनिटं बस. मोबाईल लांब ठेव. आणि बघ की पाचव्या मिनिटाला तुला असं काही दिसतंय का जे पहिल्या मिनिटाला दिसलं नव्हतं. पाण्यातलं प्रतिबिंब चित्रकाराने बघून काढलंय की पाठ असल्यासारखं ओढलंय? होडी तिथेच का आहे? केशरी रंग एकच आहे की त्यात चार केशरी आहेत? तुझा मित्र किच म्हणाला, तो शब्द त्याने कुठून उचलला मला माहीत नाही, पण त्यामागे एक खरा विचार आहे. क्लेमेंट ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन टीकाकाराने १९३९ मध्ये लिहिलं होतं की किच बघणाऱ्याचे कष्ट वाचवतं, परिणाम आधीच तयार करून देतं. म्हणजे सूर्यास्त वाईट नसतो, पण एखादं चित्र "आता हळवं व्हायचं" असा नुसता हुकूम सोडतं आणि त्यापलीकडे त्यात बघण्यासारखं काही ठेवतच नाही. फुटपाथवर अशी चित्रं भराभर, एकासारखी एक बनतात, पोटासाठी बनतात, त्यात मी बनवणाऱ्याला नावं ठेवणार नाही. पण माझा अंदाज विचारशील तर दहा मिनिटांत ते चित्र संपेल.

आणि तरी तुझं प्रेम खोटं ठरणार नाही. कारण तू लिहिलंयस ना, उजनीचं पाणी. इंदापूरच्या अलीकडे खिडकीतून ते पाणी दिसायला लागलं की बार्शीकडे निघालेल्या माणसाला काय वाटतं हे त्या चित्रकाराने काढलेलं नाहीये, ते तू आणलंयस. म्हणजे भिंतीवर दोन गोष्टी आहेत, एक चित्र आणि एक तुझी घरची आठवण, आणि तुझ्या मित्रांना फक्त चित्र दिसत होतं कारण दुसरी गोष्ट त्यांच्याकडे नाहीच. या दोन गोष्टी वेगळ्या करता येणं यालाच मी टेस्टची सुरुवात म्हणेन. आठवणीसाठी चित्र लावणं यात काही चूक नाही, लोक आजीचा साधा फोटो लावतातच की, तो चांगला फोटो आहे म्हणून थोडाच लावतात. फक्त आपण ते कशासाठी लावलंय हे आपल्याला ठाऊक असलं की कुणी हसलं तरी ते कपाटामागे जात नाही.

गोधडीवर मला जास्त बोलायचंय कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटलं आणि तू ते एका ओळीत उरकलंस.

ती मुलगी म्हणाली हे खरं आर्ट आहे, आणि ती बरोबर आहे. चित्र, शिल्प, संगीत, काव्य या उच्च कला आणि शिवणकाम, भांडी, सुतारकी ही नुसती कारागिरी, ही भिंत युरोपात पक्की झाली ती १८ व्या शतकात. आपल्याकडच्या चौसष्ट कलांच्या यादीत, वात्स्यायनाची यादी बघितलीस तर, गाणं, नाच आणि चित्रकलेबरोबर सुईचं कामही आहे आणि फुलं मांडणं आणि स्वयंपाकही. बाजीराव रोडजवळ केळकर संग्रहालयात जा एकदा, दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने आयुष्यभर जमवलेल्या वीस हजारांवर वस्तू, आणि त्यात राजेरजवाड्यांचं कमी आणि घरातलं जास्त, दिवे, अडकित्ते, अंग घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी. सुपारी कातरायला साधं पातं पुरलं असतं, तरी कुणीतरी त्या अडकित्त्याला पोपट केला, घोडा केला. एकट्याने जा आणि सगळं बघत सुटू नकोस, अडकित्त्यांसमोरच थांब आणि त्यातला सगळ्यात चांगला कुठला ते ठरव आणि का ते स्वतःला सांग. असं ठरवण्यातच तुलना येते.

आता घरी येऊन गोधडी बघ. बा. सी. मर्ढेकरांना तू कवी म्हणून शाळेत वाचलं असशील, पण ते सौंदर्यशास्त्रावरही फार कसून लिहायचे, आणि त्यांचं म्हणणं होतं की सौंदर्य हे घटकांच्या आपसातल्या संबंधांत असतं, आणि ते संबंध तीन तऱ्हेचे, संवाद (म्हणजे एकमेकांशी जुळणं), विरोध आणि समतोल. मला हे सगळ्या कलांना जसंच्या तसं लागू पडतं असं वाटत नाही, कादंबरीपाशी तर ते फार तोकडं पडतं, पण गोधडीसमोर ते घेऊन बस आणि बघ काय होतं. जुन्या लुगड्याचा हिरवा आणि सदऱ्याचा मळका निळा शेजारी का बसवलाय? मधेच एक लाल तुकडा आहे का, आणि असला तर त्याच्या उत्तराला दुसऱ्या कोपऱ्यात काही आहे का? धावदोऱ्याच्या ओळी कडेपासून आत आत येतात तेव्हा सगळ्या पृष्ठभागाला जी बारीक सुरकुती पडते ती सगळ्या विजोड तुकड्यांना एक करते की नाही? आईच्या हाताशी जे कापड होतं तेच वापरायचं होतं, विकत आणायची सोय नव्हती, म्हणजे निवडीला वाव कमी, आणि तरीही कुठला तुकडा कुठे हे तिने ठरवलंय. फोन करून विचार तिला. ती बहुतेक म्हणेल काही नाही रे बसेल तसं लावलं, तर सोडू नकोस, एकेका तुकड्याचं नाव घेऊन विचार, हा पिवळा इथे का नाही लावलास? तेव्हा ती सांगेल की तिथे तो उठून दिसला असता, किंवा बरा नसता दिसला. बार्शीकरा, हेच ते. टेस्ट टेस्ट म्हणून तू पुण्यात जे शोधतोयस ते तुझ्या घरात, तुझ्या अंगावर पांघरलेलं होतं. तिला त्यावर भाषण करता येत नाही, पण हाताला कळतं.

भिंतीवर लावायची की नाही हे ग्रुपने नाही, आईने ठरवायचं. लावलीच तर खिळे ठोकू नका, मागे वरच्या कडेला कापडाची नळी शिवून त्यात काठी घालतात, आणि ऊन थेट पडेल अशा भिंतीवर नको, रंग उडतो. मला विचारशील तर पांघर. तिचा स्पर्श आणि वजन हा तिचा अर्धा भाग आहे आणि भिंतीवर तो हरवतो.

सवाईचं राहिलं.

अभिनवगुप्त नावाचे काश्मिरी आचार्य होते, हजार वर्षांपूर्वीचे, नाट्यशास्त्र या जुन्या ग्रंथावर त्यांचं मोठं भाष्य आहे. रसाचा, म्हणजे कलेतल्या आस्वादाचा, अनुभव का येत नाही याची त्यांनी सात विघ्नं सांगितलीत, आणि त्यातलं एक असं की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असतो, त्यामुळे त्याचं मन समोरच्या गोष्टीत शिरूच शकत नाही. तुझं हेच झालं. तू गाणं ऐकतच नव्हतास, तू शेजारच्यांच्या माना बघत होतास आणि आपण पकडले जाऊ का याची काळजी करत होतास, आणि इतकं काम करणाऱ्या माणसाला स्वर ऐकायला जागा कुठून उरणार? म्हणून नाटक करू नको असं मी सांगतेय, नीतीसाठी नाही, तर मान हलवण्यात तुझं लक्ष खर्च होतं म्हणून. आणि मला शंका आहे की तुझ्या ग्रुपमध्येही दोघंतिघं तेच करत असतील.

गाण्यासाठी एक रस्ता सांगते. एकच राग धर, भूप घे, त्यात पाचच स्वर, सा रे ग प ध. किशोरीताई आमोणकरांचा भूप मोबाईलवर सहज सापडेल, तो ऐक, ऑफिसला जाताना रोज ऐकलास तरी चालेल, मग महिनाभराने तोच राग दुसऱ्या घराण्याच्या एखाद्या गायकाचा. कळतंय का याची परीक्षा घेऊ नकोस, फक्त पहिला आणि दुसरा यांत काय वेगळं वाटलं ते स्वतःशी बोल, "हा घाईत आहे", "ही त्या स्वरावर खूप थांबते", असल्या साध्या भाषेत चालेल. आणि विलंबित एकताल असेल तर बारा मात्रांचं आवर्तन इतकं संथ असतं की नवीन माणूस हरवतो, तेव्हा सगळं सोड आणि फक्त सम पकडायचा प्रयत्न कर, म्हणजे गायक कितीही लांब भटकून आला तरी मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन ज्या पहिल्या मात्रेवर येऊन टेकतो ती जागा. पब्लिकची वाहवा बऱ्याचदा तिथेच येते, आणि एकदा का ती तुला त्यांच्या आधी क्षणभर कळली की मग तुला कुणाच्या मानेकडे बघावं लागणार नाही.

मित्रांशी तोडू नकोस. ते चांगल्या ठिकाणी नेतायत तुला. पण किच म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी शांतपणे विचार, तुला त्यात नक्की काय दिसलं, दाखव की मला. तो बोट ठेवून दाखवू शकला, की बघ हे पाणी असं आहे म्हणून, तर त्याच्याकडून शिक, त्याला नजर आहे. आणि नुसता शब्दच परत म्हणाला तर तुला कळेल. तूही कुठल्या गोष्टीला भारी म्हणालास तर तुझ्यावरही हेच बंधन, बोट ठेवून दाखवायचं.

यंदा डिसेंबरात सवाईला एका दिवसाचंच तिकीट काढ आणि जमलं तर एकट्याने जा, भारतीय बैठकीत तबलजीचा हात दिसेल अशी जागा धर, कंटाळा आला तर खुशाल उठून चहा पिऊन ये. १९५३ पासून लोक तिथे असंच उठत-बसत ऐकत आलेत. आणि नंतर मला लिही, सम सापडली का ते.

– ताई